स्लिप खालनं वाचायची

मामांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मातीचोरीचा.

आमच्या फौंड्रीत भट्टी आतून लिंपायला पांढरी माती येते. तिची ढेकळं स्टोअरच्या दाराशी एका पत्र्याच्या पेटीत असायची, आणि स्टोअर मामांकडं. एका सकाळी मी हातमोजे मागायला गेले, तर मामा त्या पेटीपुढं उकिडवे बसून आतल्या अंगाला खडूनं रेघ ओढत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पावणं, माती कमी व्हायला लागलीया. उंदीर माती खात न्हाय. मग खातंय कोन?"

मी मोजे न घेताच माघारी फिरले. माती मीच खात होते.

माझा चौथा महिना सरत आला होता. जिभेला दुसरं काही नको, फक्त ती माती. येता-जाता एक खडा उचलायचा आणि तोंड पदरानं पुसल्यासारखं करून आत टाकायचा. नवऱ्याशिवाय कुणाला हे माहीत नव्हतं आणि कळूही द्यायचं नव्हतं, कारण आमच्या ठेकेदाराकडं एक रीत होती. बाईचं पोट दिसायला लागलं की कारकून फार गोड बोलायचा, "आता आराम करा वहिनी, मोकळ्या झाला की या." दुसऱ्या दिवशी गेटवरच्या यादीत तिचं नाव नसायचं. मोकळी होऊन परत आलेल्या दोघींना मी गेटवर उभं राहून रडताना बघितलेलं होतं.

आणि आता कळणार होतं कुणाला, तर मामांना. आमच्या सात बायकांत मामांविषयी एकच मत होतं. माझ्या शेजारी बसणारी उचगावची वैनी ते मान खाली घालून, ओठ न हलवता सांगायची: "ह्यो मालकाचा कान हाय. ह्येच्यापुढं शिंकायचं बी न्हाय."

मामा कुणाचे मामा होते ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. ह्या ना त्या फौंड्रीत मोल्डर म्हणून साचे भरण्यात जन्म काढला, अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले, मग आमच्या ठेकेदारानं स्टोअरला बसवलं. बारीक अंग, डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशात पेन्सिल. पेन कधीच नाही. शाई उडती, पेन्सिल उडत न्हाय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडून मोजे मिळवणं म्हणजे पोलीस ठाण्यात जाऊन आल्यासारखं. जुने दाखवा, भोकं कुठं पडलीत दाखवा, डाव्याला भोक नाही तर डावा कशाला पाहिजे? मग उजवाच मिळायचा. आता तिथं दुसरा माणूस आहे. मोजे मागितले की नुसते देतो. मला अजून चुकल्यासारखं होतं.

संशय हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. काड्यापेटी घेतली की काड्या मोजायच्या. दोनशे पानी वही घेतली की पानं मोजायची. पिशवीत कायम एक ताणकाटा, स्प्रिंगचा, पितळी पट्टीचा. रविवारी मटणाच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तो बाहेर काढून पिशवी त्याच्या आकड्याला अडकवायचे. खाटीक वैतागून म्हणायचा, मामा, लोकं काय म्हणतील? मामा म्हणायचे, लोकं बी आणतील काटा. वजन कमी भरलं तर भांडायचे ते ठीकच, पण एकदा बटाटे पाव किलो जास्त भरले तेव्हा भर उन्हात परत जाऊन दुकानदाराशी भांडून आले. त्यांचा नियम होता: "जास्तीचं आलं तर आदी कळवायचं. जास्तीचं कदी ना कदी कापलं जातंयच, आन् कापताना चामडं घिऊन जातंय."

हा नियम त्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा मी तिथनं हळूच निघून गेले होते. का, ते पुढं सांगते.

मी हिंगोलीकडची, म्हणून मामांच्या तोंडी 'पावणं'. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर पहिल्यांदा बिद्रीच्या बाजूला ऊसतोडीला आलो. तिथं पगार नसतो, उचल असते. आधी पैसे घ्यायचे आणि मग फिटेपर्यंत कोयता चालवायचा. दोन हंगाम केले. मग नवऱ्याला उचगावजवळ एका गोडाऊनला हमाली मिळाली, आम्ही तिथंच एक खोली घेतली, आणि वैनीच्या ओळखीनं मी फौंड्रीत लागले. लोखंड ओतायच्या साच्याच्या पोटात पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे बसवतात, त्यांना कोअर म्हणतात. ते करायचं आमचं काम. बसून काम, डोक्यावर पत्रा, प्यायला थंड पाणी, आणि महिना भरला की पैसे. मला खरंच वाटायचं की कुणीतरी आपल्यावर उपकार केलेत. पगाराबरोबर जी छापील चिठ्ठी, म्हणजे स्लिप मिळायची, ती मी न उघडता देवाच्या फोटोमागं ठेवायची. वाचायची कशाला? उपकाराचा हिशोब विचारतात का?

आमच्यात कुणीच कुणाला स्लिप दाखवत नसे. त्याला कारण होतं. बायका ओव्हरटाइमचे पैसे घरी सांगत नव्हत्या. नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट शेजारणीला दाखवली तर ती संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचते. त्यामुळं स्लिप मिळाली की लगेच ब्लाऊजमध्ये. फक्त एकदा, मला कामाला लागून सहा-सात महिने झाले असतील, वैनीची स्लिप पंख्याच्या वाऱ्यानं उडाली आणि माझ्या पायाशी पडली. मी उचलून देताना आकडे दिसले. रोज चारशे ऐंशी. सव्वीस भरलेल्या दिवसांचे तिच्या हातात दहा हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. माझेही सव्वीसच दिवस. माझ्या हातात अकरा हजार एकशे बेचाळीस.

घरी येऊन मी पहिल्यांदा फोटोमागच्या सगळ्या स्लिपा काढल्या. माझा रोज पाचशे होता, म्हणजे मला दिवसाला वीस रुपये जास्त लावलेले होते. पहिल्या दिवसापासून.

वैनी माझ्या आधी चार वर्षं कामाला होती. मग मला जास्त का? मी कुणाला विचारणार? मला वाटलं कारकुनानं लांबून आलेली बाई म्हणून दया केली असेल. मग वाटलं, कारकून दया कशाला करील? तो पेठ वडगावचा तरणा माणूस, अंगाला कायम अत्तर. त्यानं कधी माझ्याकडं धड बघितलंही नव्हतं, पण तेव्हापासून तो शेडमध्ये आला की मी मान वर करत नव्हते. आणि बाकीच्या बायकांना कळलं तर त्या काय समजतील हे मला बरोबर माहीत होतं. म्हणून गप्प बसले. वीस रुपये घेत राहिले आणि घाबरत राहिले.

मामांची शाळा भरायची चहाच्या सुट्टीत, स्टोअरच्या पायरीवर. महिन्याच्या दहा तारखेला पगार झाला की अकराला गर्दी. गडीमाणसं स्लिपा घेऊन जायची, आम्ही बायका लांबून ऐकायचो. मामा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि कागद हातात घेऊन आधी सगळ्यात खालची ओळ वाचायचे, मग वरची, मग तिच्या वरची. कुणी नवीन पोरगं हसलं की त्याला ऐकवायचे, "देनारा वरनं लिवतो. पैल्या वळीत मोठा आकडा दिसला की तू खूश. खालपतुर येस्तवर तुझं ध्यान चहाकडं. म्हनून खालनं वाचायची. हातात किती, आन् वर काय काय गेलं, कुनी नेलं."

कुणी नेलं हे सांगताना त्यांनी सगळ्यांना नाती जोडलेली होती. प्रॉव्हिडंट फंड म्हणजे थोरला भाऊ. तुझंच घेऊन ठेवतो, परत मागायला गेलास की दहा कागद मागतो, पण बुडवत नाही. व्यवसाय कर म्हणजे जावई. महिन्याला दोनशे घेऊन जातो, परत काही देत नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. फेब्रुवारीत तो तीनशे नेतो. एका फेब्रुवारीत गड्यांनी कारकुनाला घेरलं, सगळ्यात लहान महिना आणि शंभर जास्त, मध्ये कोण खातंय म्हणून. मामांनीच सोडवलं. सरकारला वर्षाचे अडीच हजार घ्यायचेत, बारा दुणे चोवीस, राहिलेले शंभर फेब्रुवारीत. "फेब्रुवारी म्हंजे जावयाचा धोंड्याचा म्हैना. ताट मोठं वाढायचं." कारकुनाच्या बाजूनं बोलले म्हणून वैनीला आणखी खात्री पटली की ते मालकाचे कान आहेत. त्याच दिवशी ते आमच्याकडं बघून म्हणाले होते, की बायांच्या घरी हा जावई येत नाही, पंचवीस हजाराच्या आत पगार असला तर बाईला हा कर नाही.

माझ्या घरी येत होता. दर महिन्याला दोनशे. मी मनातल्या मनात हिशोब लावला की वीस रुपये जास्त देतात, त्याच्या बदल्यात हे कापत असतील. काहीतरी देवाणघेवाण असेल. आपण बोलायचं नाही.

पेन्शन त्यांनी शेंगदाण्यांवर शिकवली होती. पायरीवर बारा दाणे एका बाजूला, बारा दुसऱ्या. हे बारा तुझ्या पगारातले, हे बारा मालकाचे. तुझे बारा सगळे थोरल्या भावाकडं. मालकाच्या बारातले आठ दाणे त्यांनी वेगळे काढले, नववा उचलला, दातानं त्याचा तिसरा हिस्सा तोडला आणि तेवढा तुकडा आठांच्या शेजारी ठेवला. ही पेन्शन. राहिलेले थोरल्याकडं. नवीन पोरगं म्हणालं, मामा, ही पेन्शन तर स्लिपवर कुठं दिसतच नाही. मामांनी उरलेला दाणा चावला. म्हणाले, जे कापलेलं दिसतंय त्याचं एवढं भ्या न्हाय, जे स्लिपवर न्हाय ते आदी बघायचं.

खडूची रेघ ओढल्यावर तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नळावर डबा धूत होते, तेव्हा मामा शेजारी येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्राची पुडी. मला वाटलं आता विचारणार. त्यांनी पुडी नळाच्या कट्ट्यावर ठेवली. आत गूळ आणि शेंगदाणे.

"भट्टीची माती खाऊ नगंस. त्यात काय काय असतंय," ते म्हणाले. "हे खा. दानं चाळीस हायत."

मी नळ बंद केला. त्यांनी हळूच विचारलं, "कितवा?" मी चार बोटं दाखवली. मग म्हणाले, तुझा दवाखान्याचा विमा कापतात, अठ्ठ्याण्णव रुपये, त्यातनं बाळंतपणात सव्वीस आठवडे पगार मिळतो, माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेवढे दिवस कुणाचं नाव यादीत राहिलंच नव्हतं.

"स्लिपा आन सगळ्या. मिळतोय का बगू."

अठ्ठ्याण्णव हा आकडा त्यांना कसा माहीत? मी तर स्लिप कधी दाखवली नव्हती. दिवसभर तेच डोक्यात. नंतर समजलं की गड्यांचे अठ्ठ्याण्णव कापतात, ते त्यांच्या तोंडात बसलेलं. बायकांचे चौऱ्याण्णव. पण त्या दिवशी मला वाटलं, वैनी म्हणती तेच खरं, ह्यांना आपलं सगळं आधीच माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी चौदा स्लिपा पदराखाली घेऊन गेले. न जाऊन काय करणार होते? माझं गुपित आता त्यांच्याकडंच होतं.

त्यांनी वरची स्लिप घेतली. चष्मा कपाळावर. खालनं वर. हातात किती, बरोबर. मग बोट थांबलं. "जावई? तुझ्या घरी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बोट आणखी वर नेलं, रोजाच्या आकड्यापाशी थांबवलं. मग अगदी वर, माझ्या नावापाशी. नावाच्या पुढं बारीक इंग्रजी अक्षरं होती. चौदा महिने मी तिथवर कधी गेलेच नव्हते.

"तू गडी हायस," मामा म्हणाले.

मला कळेना. त्यांनी समजावलं. कागदावर मला पुरुष लिहिलं होतं. म्हणून गड्याचा रोज, म्हणून जावई. आणि म्हणूनच विम्याच्या ऑफिसात बाळंतपणाचा अर्ज केला असता तर त्यांनी हाकलून दिलं असतं. पेन्शनचा कागदही पुढं अडकला असता, कारण आधारवर बाई आणि तिथं पुरुष. त्यांनी चौदाच्या चौदा स्लिपा घडी घालून पिशवीत टाकल्या, ताणकाट्याच्या शेजारी. आधारची झेरॉक्स मागितली. संध्याकाळी गेटवर एक कागद पुढं केला, दोन्ही बाजूंनी मराठीत लिहिलेला, आणि म्हणाले, सही कर. मी केली.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. वैनी म्हणाली की तिच्या आठवणीत ह्या माणसानं खाडा केलेला नाही. मग मला राहवलं नाही, मी तिला सांगितलं, दिवस गेल्याचं, स्लिपांचं, सहीचं. वीस रुपयांचं तेवढं सांगितलं नाही. तिनं हातातला कोअर खाली ठेवला.

"काय लिवलंतं त्यात?"

"वाचलं नाही."

"न वाचता सही दिलीस? मामाला?" ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी आधीच गेटच्या बाहेर उभी आहे. "आता तू राजीनामा दिलास का काय दिलंस, तुला तरी ठावं हाय का बाई?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, परत ऊस बघू. बिद्रीचा मुकादम अजून फोन उचलतो. पाचव्या महिन्यात कोयता. मी स्लिपा नसलेल्या फोटोमागं हात घालून बघितला, उगीच.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता मला ऑफिसात बोलावलं. आत कारकून, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन मामा. मामा माझ्याकडं बघेनात. तेव्हा माझी खात्रीच झाली.

कारकुनाच्या टेबलावर माझ्या स्लिपांच्या झेरॉक्स पसरलेल्या होत्या. तो म्हणाला, "चौदा महिने गड्याचा रेट घेतलाय तुम्ही. कळत नव्हतं? बोलला का नाही?"

"मला वाटलं तुम्हीच..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्याचे कान लाल झाले. नंतर कळलं की त्यानं कॉम्प्युटरवर नवीन नावं भरताना वरच्या ओळीतलं खाली ओढलं होतं. माझ्या वरती भट्टीवाला एक गडी होता. त्याचं पुरुषपण, त्याचा रोज, त्याचा जावई, सगळं ओढत ओढत माझ्यावर आलं.

तो म्हणाला की रेकॉर्ड दुरुस्त करायचं तर करू, पण मग जास्तीची वसुली होणार. सात हजार दोनशे ऐंशी. त्यानं आकडा आधीच काढून ठेवलेला होता.

माझ्याकडं सात हजार नव्हते. आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की हे प्रकरण इथंच मिटलं तर उद्या गेटवर माझं नाव असेल. मी हात जोडले. "राहू द्या साहेब. आहे तसं राहू द्या. मी गडीच बरी."

कोपऱ्यात स्टूल वाजलं.

"गडी बरी?" मामा उठले होते. "आन् दवाखान्यात काय सांगशील, गड्याला पाचवा लागलाय म्हनून?"

झालं. कारकुनासमोर बोलून मोकळे. कारकुनाची नजर माझ्या पोटावर गेली आणि तो त्याच्या त्या गोड आवाजात सुरू झाला, "अहो वहिनी, मग सांगायचं नाही का, तुम्ही आता आराम..."

मामांनी पिशवीतनं एक कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. कागदावर गोल शिक्का होता. काल खाडा करून ते विम्याच्या ऑफिसात गेलते. माझा अर्ज तिथं दिला होता, की मी बाई आहे, मला चौथा महिना पुरा झाला आहे, ठेकेदाराच्या चुकीनं मला पुरुष लिहिलं आहे, दुरुस्ती व्हावी. आणि पोच घेतली होती. पोच म्हणजे मामांचा देव. ते म्हणायचे की पोच मिळत असती तर मी देवळातला नारळबी शिक्क्यावर दिला असता.

"आता हिचं नाव यादीतनं गेलं तर कशानं गेलं ते त्यास्नी कळनार," मामा म्हणाले. "आराम कुनी करायचा ते बघ तूच."

"पण वसुली..."

"कर की. कोन न्हाय म्हनतंय? फकस्त लिवून दे. बाई हाय म्हनून रोज वीस रुपये कमी, म्हनून वसुली. काम तेच, वाळू तीच, रोज कमी. असं लिव, सही कर, शिक्का मार. मला पोच दे."

कारकुनानं पेन उचललं. टोपण काढलं. बराच वेळ त्या कागदाकडं बघितलं आणि टोपण परत लावलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता मामा हसतील. ते माझ्यावर इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "वाचल्याबिगर सही केलीस."

"तुम्ही होता म्हणून..."

"मी होतो म्हनूनच वाचायची. वैऱ्याचा कागद कुनीबी वाचतंय."

त्यांनी त्या अर्जाची प्रत माझ्या हातात दिली आणि गेटजवळच्या लिंबाखाली मला उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं. सातवीनंतर मी एवढं सलग कधी वाचलं नव्हतं. अडखळत गेले. ते मध्ये शब्द सांगत नव्हते, नुसते थांबत होते. शेवटची ओळ होती, 'वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचून सही केली आहे.'

"बग," मामा म्हणाले, "आख्ख्या कागदात एक खोटं हाय, ते तुझं."

मग तिथंच त्यांनी म्हशीची गोष्ट सांगितली. त्यांची पहिली फौंड्री बंद पडली तेव्हा नऊ वर्षं भरत आली होती. तिथल्या साहेबानं, जो ह्यांना घरचा माणूस वाटायचा, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि हातात रोख पैसे दिले. न वाचता सही केली. पेन्शनचे पैसे काढून घेतल्याचा तो कागद होता. नऊ वर्षांची नोकरी पेन्शनच्या हिशोबातनं पुसली गेली, हे त्यांना रिटायर झाल्यावर कळलं. "त्या पैशात म्हैस घेतलती. ती चार वर्षांत मेली. नऊ वर्षं मातूर अजून दर म्हैन्याला मरत्यात." त्यांना पेन्शन मिळते ती दोन हजारांच्या आत-बाहेर. ते साहेब वाईट नव्हते, असंही म्हणाले. त्यांनीसुद्धा वाचलं नव्हतं.

माझं नाव बाई म्हणून लागायला दोन महिने गेले. विम्याच्या ऑफिसात चार फेऱ्या, चारही वेळा मामा बरोबर, खिडकीवरचा माणूस पेन उचलेपर्यंत त्याच्याकडं टक लावून. जावई यायचा बंद झाला. आधीचे गेले ते गेले, जावयाला दिलेलं परत मागत नाहीत. माझा रोज तसाच राहिला. वैनीला मी स्वतः माझी स्लिप दाखवली. तिनं पहिल्यांदा मला दोन शिव्या दिल्या, मग आपली काढून शेजारी ठेवली, मग बाकीच्या पाचजणींनी काढल्या. त्यांचा रोज वाढायला दिवाळी उजाडली, आणि वाढला तो वीस नाही, बारा.

मी रजेवर असताना वैनीनं सांगितलं की मामांना कामावरनं थांबवलं. ती सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. मामांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, वय झालंय म्हणून थांबवलं, तसं लिहून घेतलंय, पोच आहे. एवढंच. तो विषय त्यांनी परत काढू दिला नाही.

मुलीच्या बाराव्या दिवशी ते आमच्या खोलीवर आले. पाळण्याला वैनी, दोन शेजारणी, एवढ्याच. माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. मामांनी पोरीकडं बघायच्या आधी दवाखान्याचं कार्ड मागितलं. चष्मा कपाळावर, खालनं वर. एका जागी बोट थांबलं तशी मीही वाकून बघायला लागले. "स्त्री," त्यांनी वाचलं. "बराबर हाय." मग आणखी वर. "जन्म कोल्हापूर. म्हंजे ही पावणी न्हवं."

आणि पिशवीतनं ताणकाटा काढला. वैनी हसायला लागली. मामांनी माझ्या जुन्या साडीचं फडकं मागून घेतलं, आधी नुसतं फडकं तोललं, आकडा पेन्सिलीनं हातावर लिहिला. मग त्याची झोळी करून पोरीला आत ठेवली, एक हात खाली धरून आकड्याला अडकवली, आणि काटा डोळ्यांसमोर धरला. ती ओरडली नाही. तीही त्यांच्याकडं संशयानंच बघत होती.

मामांनी एकदा बघितलं. कार्डावरचं जन्माचं वजन बघितलं. परत काटा बघितला. पोरीला काढून माझ्या मांडीवर दिलं. मग वैनीकडं, शेजारणींकडं एक नजर टाकून माझ्याजवळ वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"शंभर ग्रॅम जास्ती भरतीया. ऱ्हाऊ दे. कुनाला कळवू नगंस."